घर विकायला काढताना रंग सगळ्यात शेवटी

मागच्या भागात आपण घर घेणाऱ्याच्या बाजूनं बोललो. आज मी विकणाऱ्याच्या बाजूला बसतो आहे, आणि ही बाजू मला ऐकीव माहितीवरून कळलेली नाही. सांगलीतलं आमचं घर आम्ही तिघा भावंडांनी विकलं. त्यातला पहिला व्यवहार फिसकटला आणि तो फिसकटण्यात माझा वाटा होता. म्हणून आज थोडा जास्त वेळ घेईन.

घर गावभागात. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, 1978 साली घेतलेलं. खाली चार खोल्या, वर माडी, मागे न्हाणी आणि आड. ज्यांना सांगली माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गावभाग म्हणजे जुनं सांगली गाव, कृष्णेला लागून. तिथं पावसाळ्यात लोक एकमेकांना ‘कसं आहे?’ विचारत नाहीत, ‘आयर्विनला किती आलं?’ विचारतात. आयर्विन पुलावर पाण्याची पातळी फुटांत मोजतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 57 फुटांच्या पुढे गेली होती. आमच्या सोप्यात तेव्हा छातीइतकं पाणी होतं आणि अण्णा चार दिवस माडीवर होते.

अण्णा 2022 साली गेले. आई आधीच गेली होती. दादा इंदूरला, ताई वडोदऱ्याला, मी बंगळूरला. वर्षभर घर बंद राहिलं. बंद घराचं काय होतं ते तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल, कारण ही मालिका पाहणारे तुम्ही बरेच जण असेच बाहेरगावी आहात आणि कुठंतरी एक कुलूप लावून आलेले आहात. मग आम्ही ठरवलं, विकायचं.

पहिली चूक तिथंच झाली. दादा इंदूरहून दहा दिवसांची रजा काढून आला आणि त्यानं पहिला फोन रंगाऱ्याला केला. मी फोनवर म्हणालो, “हो, करून टाक. स्वच्छ दिसलं की गिऱ्हाईक येईल.” आठ दिवसांत घर लग्नघरासारखं झालं. भिंतींना पुट्टी, वर फिकट पिवळा रंग, लाकडाला ऑइल पेंट. सोप्यातून आत जाताना जी चौकट लागते, तिच्यावर अण्णांनी खिळ्यानं दोन आडव्या रेघा कोरल्या होत्या. एक 2005 च्या पुराची, दुसरी तिच्या वर 2019 ची, शेजारी तारखा. रंगाऱ्यानं विचारलं, ह्याच्यात लांबी भरू का? दादानं मला विचारलं. मी म्हणालो, “भर.”

मे महिन्यात एक गृहस्थ आले. नोकरीनिमित्त सांगलीत बदलून आलेले, मूळचे विदर्भातले, नदीशी संबंध नसलेले. घर आवडलं. 61 लाखांना ठरलं, त्यांनी एक लाख इसार दिला. त्यांनी पुराचं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

जुलैत पाऊस लागला. त्या गृहस्थांकडे मोजमापं घ्यायला म्हणून एक किल्ली होती. ते एका रविवारी गेले तर सोप्याच्या भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत फुगे आलेले, पुट्टीचे पोपडे खाली पडलेले, मधूनमधून पांढरा लोणा. समोरच्या काकूंनी त्यांना सहज सांगितलं की या घरात पाणी कुठपर्यंत आलं होतं. त्यांचा मला फोन आला. आवाज चढलेला नव्हता. ते एवढंच म्हणाले, “तुम्हाला माहीत होतं ना?”

इसार परत केला. त्या प्रश्नाला मी त्या दिवशी काय उत्तर दिलं ते मला नीट आठवत नाही, काहीतरी गुळमुळीत बोललो असणार.

आता कायद्याचं. आपल्याकडे अनेकांना वाटतं की घर पाहून घेणं ही घेणाऱ्याची जबाबदारी, विकणाऱ्यानं तोंड बंद ठेवलं तर तो काही खोटं बोलत नाही. तसं नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 सालचा कायदा आहे, त्याचं 55 वं कलम विकणारा आणि घेणारा यांच्या हक्कांचं आणि जबाबदाऱ्यांचं आहे. वेगळा करार नसेल तेव्हा ते लागू होतं. त्यातली अगदी पहिली जबाबदारी विकणाऱ्याची आहे. मालमत्तेत किंवा तिच्या मालकीहक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो कळण्यासारखा नसेल, तर तो विकणाऱ्यानं उघड केला पाहिजे. हे न सांगणं म्हणजे फसवणूक, असंही त्याच कलमात पुढे म्हटलेलं आहे.

यातले ‘साधारण काळजी’ हे शब्द नीट ऐका. फुटलेली फरशी दिसतेच, ती सांगायची गरज नाही. पण पुट्टीखाली गेलेली ओल साधारण काळजीनं दिसत नाही. ती आम्ही दिसू नये म्हणूनच झाकली होती. पुराचं कोणी म्हणेल की सांगलीत कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. हा वाद वकील घालू शकतात. मला तो घालावासा वाटला नाही, कारण चौकटीवरच्या रेघांमध्ये लांबी मी भरायला लावली होती.

तर मग घर विक्रीसाठी तयार करायचं म्हणजे करायचं काय? दुसऱ्या वेळी आम्ही ते उलट्या क्रमानं केलं. आधी भावंडं, मग कागद, मग ओल, मग सामान आणि रंग शेवटी.

भावंडांपासून सुरुवात करू. घर अण्णांच्या स्वकमाईचं, मृत्युपत्र नव्हतं, त्यामुळं हिंदू वारसा कायद्याप्रमाणं आम्ही तिघं सारखे वाटेकरी. इथं एक गैरसमज सारखा कानावर येतो, की मुलींना हक्क 2005 नंतर मिळाला. 2005 ची दुरुस्ती आहे ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मानं हक्क देणारी. वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, मुलगी 1956 पासूनच मुलाच्या बरोबरीनं वारस आहे. आमच्या एका नातेवाइकांनी सुचवलं, ताईकडून आधी हक्कसोडपत्र करून घ्या, म्हणजे सह्या कमी लागतील. ताईनं ते ऐकून मला फोन केला. म्हणाली, “सही करायला मी वडोदऱ्याहून येईन, कितीही वेळा येईन. पण सोडायला येणार नाही.” बरोबर होतं तिचं. हक्क सोडायचा असेल तर तो मनानं सोडावा. सह्या कमी व्हाव्यात म्हणून कुणी सोडायचा नसतो. आम्ही एका साध्या कागदावर चार गोष्टी लिहिल्या आणि तिघांनी सह्या केल्या. कमीत कमी किंमत किती, खर्च कोण करणार आणि तो विक्रीच्या पैशातून आधी कसा वजा होणार, घरातलं काय कोणाकडे जाणार आणि गिऱ्हाइकाशी बोलणार एकच माणूस. तो माणूस मी झालो, कारण चूकही माझीच होती.

तुम्ही प्रत्यक्ष येऊ शकत नसाल तर कुलमुखत्यारपत्र करावं लागतं. घरविक्रीचा दस्त नोंदवायला मुखत्यार उभा राहणार असेल तर नुसत्या नोटरीच्या शिक्क्यावर विसंबू नका. तुम्ही जिथं राहता तिथल्या दुय्यम निबंधकासमोर ते पत्र करून प्रमाणित करून घ्या. दादानं इंदूरला तसं केलं.

आता कागद. घराची नोंद तीन वेगवेगळ्या दप्तरांत असते आणि एका ठिकाणी नाव बदललं म्हणून दुसरीकडे आपोआप बदलत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. गावठाणातल्या घराचा मूळ कागद म्हणजे मिळकत पत्रिका, सांगलीत तिला सिटी सर्व्हेचा उतारा म्हणतात. दुसरं महापालिकेचं घरपट्टीचं दप्तर. तिसरं वीज मीटर. आमच्याकडे तिन्हीकडे अण्णांचं नाव होतं. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र देऊन नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद केली. ती आधी करा, गिऱ्हाईक शोधायला लागण्याच्या आधी. कारण गिऱ्हाइकाचा वकील पहिल्याच दिवशी उतारा मागतो आणि त्यावर गेलेल्या माणसाचं नाव दिसलं की तुमची घाई त्याच्या लक्षात येते. पुढची सगळी घासाघीस मग त्या घाईवर होते.

उताऱ्यावर आम्हाला अजून एक गोष्ट सापडली. 1991 साली अण्णांनी घरावर कर्ज काढलं होतं, त्याचा बोजा तसाच. कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण बोजा कमी करायचा अर्ज कोणी केला नव्हता. ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. इथं अण्णांच्या एका सवयीनं आम्हाला वाचवलं. दर जूनमध्ये ते सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माडीवर ट्रंकेत नेऊन ठेवत. कर्जफेडीचा दाखला त्या पिशवीत होता. तो नसता तर विलीन झालेल्या बँकेच्या जुन्या दप्तरातून दाखला काढायला किती दिवस लागले असते, देव जाणे. तेव्हा उतारा आजच काढा आणि त्यावरची प्रत्येक ओळ वाचा, इतर हक्कांच्या रकान्यासकट.

तुमच्यापैकी जे महाराष्ट्राबाहेर घर विकणार आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. कागदांची नावं बदलतात, तत्त्व तेच राहतं. कर्नाटकात खाता लागतो, बंगळुरात आता ई-खाता. कर्नाटक, तेलंगण, आंध्र, तमिळनाडू इकडे घेणारा पहिल्यांदा ‘ईसी’ मागतो, म्हणजे त्या मालमत्तेवर कुठले नोंदणीकृत व्यवहार आणि बोजे आहेत त्याचा दाखला. मध्य प्रदेशात वारस नोंदीला नामांतरण म्हणतात. दिल्लीत घर भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहे की ते मालकीहक्काचं करून घेतलं आहे, हे आधी पाहावं लागतं. गोव्यात मात्र सावध राहा. तिथं पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे, आणि वेगळा विवाहकरार नसेल तर साधारणपणे नवराबायको मालमत्तेत निम्मे-निम्मे धरले जातात. त्यामुळं विकताना जोडीदाराची सही लागते, घर माहेरचं असो की सासरचं. महाराष्ट्रातल्या सोसायटीतला फ्लॅट असेल तर भागपत्र म्हणजे शेअर सर्टिफिकेट शोधून ठेवा. आणि महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं अधिमूल्य 25 हजारांच्या वर घेता येत नाही, ‘ऐच्छिक देणगी’ या नावाखालीसुद्धा, हे सोसायटीच्या सचिवांना गोडीत सांगायची तयारी ठेवा.

आता ओलीकडे येतो. सगळ्यात जास्त शिकलो ते इथंच.

जुन्या घरांच्या भिंती विटा, माती आणि चुन्याच्या असतात. त्या पाणी पितात आणि हळूहळू सोडतात. अशा भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि आतून पुट्टी आणि प्लास्टिक पेंट लावला की पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. ते भिंतीतल्या भिंतीत वर चढतं. पाणी वाळताना बरोबर आणलेले क्षार पृष्ठभागाजवळ सोडतं, तोच लोणा, आणि हे क्षारच पुट्टी ढकलून पाडतात. म्हणजे आमच्या रंगानं ओल झाकली तर नाहीच, उलट वाढवली. हे मला सांगितलं ते मिरजेच्या एका म्हाताऱ्या गवंड्यानं. त्यानं भिंतीवर थाप मारली, कान लावला आणि म्हणाला, “हिला ताप आहे, आणि तुम्ही वर शाल पांघरली.”

एक घरगुती तपासणी आहे, ती करून बघा. एक हातभर जाड प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ आहे, म्हणजे खिडक्या उघडल्या की भागेल. दोन्हींचा इलाज वेगळा, खर्च तर फारच वेगळा.

आमच्याकडे थेंब भिंतीकडे होते. पावसाळा संपल्यावर आम्ही खालचा गिलावा चार फुटांपर्यंत विटेपर्यंत खरवडला आणि तसाच उघडा ठेवला. ऑक्टोबरपासून मेपर्यंत. त्या काळात घर दाखवण्यासारखं नव्हतं आणि दादा दर पंधरवड्याला फोन करून “अजून किती?” विचारायचा. मागच्या न्हाणीचं सांडपाणी भिंतीच्या पायाशी मुरत होतं, ते पाइप टाकून गटाराला जोडलं. सत्तर टक्के ओल पुराची नव्हतीच, या न्हाणीची होती असं गवंडी म्हणाला. टक्केवारी त्याची, मी मोजलेली नाही. पण उन्हाळ्याअखेर भिंत कोरडी झाली एवढं खरं. मग चुन्याचा गिलावा केला आणि त्यावर नुसता चुना. खालचं वायरिंग पुरात भिजलेलं होतं, ते पूर्ण बदललं, आणि प्लगची बटणं 2019 च्या रेघेच्या वर नेली. चौकटींना वाळवी होती का ते पेचकसानं टोचून पाहिलं. एका चौकटीला लागली होती, ती बदलली. चेंबर उपसून घेतलं. एकूण तीन लाख दहा हजार खर्च झाला. रंगाला पहिल्या वेळी पासष्ट हजार घालवले होते, ते गटारात गेले.

आणि ऑइल पेंट खरवडताना चौकटीतली लांबीही निघाली. रेघा पुन्हा दिसायला लागल्या. दादा म्हणाला, आता? मी म्हटलं, राहू दे.

कागदांत आणखी एक कागद आम्ही स्वतः तयार केला. एका पानावर लिहिलं, घरात पाणी कोणत्या साली कुठपर्यंत आलं, कोणती भिंत उघडून दुरुस्त केली, कोणती केली नाही, वायरिंग कधीचं, माडीचं कोणतं कौल गळतं. जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला बंदी असते, दोन्ही रेषांच्या मध्ये अटी असतात. घेणारा उद्या जुनं पाडून नवं बांधायचं म्हणाला तर त्याला हे आधी कळलेलं बरं. म्हणून घर कोणत्या रेषेच्या आत येतं ते महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून त्या पानावर लिहिलं.

सामानाचं मी फार बोलणार नाही. प्रत्येकाच्या घरी ते वेगळं असतं आणि तितकंच अवघड असतं. एवढंच सांगतो, इसार घेण्याआधी सामान हलवा. कारण त्याच 55 व्या कलमात आहे की करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत विकणाऱ्यानं मालमत्तेची शहाण्या मालकासारखी काळजी घ्यायची. करार झाल्यावर तुम्ही सागवानी दार काढून नेलं तर भांडण होणारच. आमच्याकडे झोपाळ्याचा प्रश्न होता. ताईला तो हवा होता. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी झोपाळा वडोदऱ्याला गेला. तुळईतल्या कड्या मात्र घराच्याच राहिल्या. तांब्यापितळेची भांडी आणि बंब मोडीत दिला. देवघरातले देव दादाकडे गेले, कारण त्याच्याकडे रोज पूजा होते. माझ्याकडे सणावारी होते, मी कबूल केलं.

किंमत. लपवायचं नाही असं ठरवलं की किंमत उतरते, हे मी गोड करून सांगणार नाही. आम्ही मागणी 57 लाखांची ठेवली. दोन गिऱ्हाइकं ते पान वाचून गेली ती परत आली नाहीत. दलाल वैतागला. म्हणाला, “साहेब, असं पान हातात दिल्यावर कोण घेईल?” चौथं गिऱ्हाईक सांगलीतलंच होतं, नवराबायको दोघं शिक्षक. त्यांनी पान वाचलं, चौकटीपाशी उभं राहून रेघेची उंची हातानं मोजली, आणि बाई म्हणाल्या, “आमच्या भाड्याच्या घरात याच्याहून जास्त होतं.” 54 लाखांना ठरलं.

इथं किंमत ठरवताना एक धोका सांगतो. सरकारचा रेडी रेकनर असतो, प्रत्येक भागाचा वार्षिक दर. तो भागाप्रमाणं ठरतो, तुमच्या भिंतीतली ओल त्याला दिसत नाही. तुमची विक्री किंमत रेडी रेकनरच्या किमतीपेक्षा बरीच खाली गेली, म्हणजे ती सरकारी किंमत तुमच्या किमतीच्या 110 टक्क्यांहून जास्त भरली, तर आयकर खातं सरकारी किंमत धरूनच तुमचा नफा मोजतं. न मिळालेल्या पैशावर कर. दोष असलेलं घर स्वस्तात विकणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवा असं तुम्ही म्हणू शकता, आणि तेव्हा दुरुस्तीचे फोटो आणि बिलं उपयोगी पडतात. आम्ही थोडक्यात बसलो.

कराचं बाकी भराभर सांगतो. वारशानं आलेल्या घराला वडिलांनी धरलेला काळ आपलाच धरतात, त्यामुळं 24 महिन्यांची अट आपोआप पूर्ण होते आणि नफा दीर्घ मुदतीचा ठरतो. घर 2001 च्या आधीचं असेल तर मूळ खरेदी किमतीऐवजी 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाची किंमत धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या, आणि ती किंमत त्या तारखेच्या सरकारी दराच्या वर जाऊ शकत नाही हे लक्षात ठेवा. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला, विकणारा भारतात राहणारा असेल तर, महागाईची वजावट न घेता साडेबारा टक्के किंवा ती घेऊन 20 टक्के, यांतला कमी पडेल तो कर भरता येतो. आम्ही डिसेंबर 2024 मध्ये विकलं, दोन्ही रीतींनी मोजून पाहिलं आणि जुनी वाट स्वस्त पडली. तुमचं वेगळं निघेल, सनदी लेखापालाकडून मोजून घ्या. व्यवहार 50 लाखांचा किंवा वरचा असला की घेणारा एक टक्का कापून सरकारजमा करतो. आम्ही तिघं होतो आणि प्रत्येकाचा वाटा 18 लाख, तरी एकूण रक्कम धरतात, म्हणून कापला. तो वाया जात नाही, विवरणपत्रात वळता होतो. भावंडांपैकी कुणी परदेशात असेल तर मात्र त्याच्या वाट्याचे नियम वेगळे आणि कपात बरीच मोठी, ते इसाराच्या आधी बघा.

आणि रोख. प्रत्येक व्यवहारात कुणीतरी “थोडे रोख करू या का?” विचारतंच. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे आपल्याला, होऊ शकतो. आम्ही इसारसुद्धा बँकेतून घेतला.

खरेदीखतात आमचं ते एक पान परिशिष्ट म्हणून जोडलं आणि दोघा शिक्षकांनी त्यावर सही केली. वकिलाला ही कल्पना सुरुवातीला विचित्र वाटली. मग त्यानं स्वतःच त्यात एक वाक्य घातलं, की वरील बाबी खरेदीदारास ज्ञात असून त्यांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या आहेत. या सहीनं आमचीही सोय झाली. पाच वर्षांनी पुन्हा पाणी आलं तर मला कोणी ‘माहीत होतं ना?’ म्हणून फोन करणार नाही.

ताब्याच्या दिवसाची छोटी यादी तेवढी राहिली. विक्रीच्या तारखेपर्यंतची घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल आपण भरायचं, तेही त्या कलमातच आहे. भरल्याच्या पावत्या हातात द्या. मीटरच्या आकड्याचा फोटो दोघांनी मिळून काढा. ताबापावतीवर किल्ल्यांची संख्या लिहा. आमच्या सात होत्या, त्यातली एक कशाची होती ते आम्हा तिघांनाही सांगता आलं नाही, ती तशीच दिली.

सगळं झाल्यावर बाईंनी विचारलं, “तुमचे वडील पावसाळ्यात धान्य कुठं ठेवायचे?” मी त्यांना माडीवर नेलं. जिन्याच्या वरच्या अंगाला भिंतीत एक खोल फडताळ आहे, आईचं. आम्ही रिकामं करताना त्याच्या तळाशी एक वर्तमानपत्र राहून गेलं होतं, आणि त्यावर पाच-सहा तांदूळ. त्यांनी ते कागद काढून टाकला नाही. वर स्वतःचा एक कागद अंथरला आणि फ्रिज वर आणायला किती माणसं लागतील ते विचारू लागल्या.